एका पेटीत चौघांची झोप

आमच्या घरात बाकीचे सगळे घोरतात आणि मी तेवढी निद्रिस्त असते, अशी माझी तीस वर्षांची समजूत होती.

समजूत अगदीच निराधार नव्हती. लग्न होऊन मी धुळ्याहून धरणगावच्या या शेतकरी घराण्यात आले, तेव्हा पहिल्याच रात्री मला वाटले, गावातली जिनिंग मिल रात्रपाळीतही चालते वाटते! ती मिल नव्हती. ते माझे सासरे होते. आबांच्या घोरण्याला संथ, भारदस्त ठेका आहे. सरकीपासून कापूस वेगळा व्हावा तसा त्यांचा एकेक श्वास आतल्या कुठल्याशा दातेरी चाकातून सुटा होऊन बाहेर पडतो. थोरल्या नणंदबाई, म्हणजे नशिराबादच्या अक्का, चहाच्या आधणासारख्या घोरतात. आधी बारीक शीळ, मग खदखद, आणि कुणीतरी झाकण उचलल्यासारखा एक सुस्कारा. माझे यजमान प्रभाकर यांचा आवाज पाणी आटलेल्या विहिरीवर चालू राहिलेल्या मोटारीचा. आणि मी? मी जन्मभर जळगावच्या एका महाविद्यालयात मराठी कविता शिकवली. स्वतःही लिहिली. माझ्या कवितांत रात्र पुष्कळ असते, आणि ती फार शांत असते. अशी माणसे घोरत नाहीत. ती श्वास घेतात.

सकाळी कधी प्रभाकर डोळे चोळत म्हणत, "अगं, काल जरा जास्तच झालं हं तुझं."

"अहो, तुम्ही स्वतःच्याच घोरण्यानं जागे होता आणि आळ माझ्यावर घेता," मी करुणेने उत्तर देई. (करुणा हा माझा स्थायिभाव आहे. निदान तेव्हा होता.)

हे असेच सुखाने चालले असते. पण मध्ये गाडी आली. पन्नाशी उलटल्यावर मी मोटार चालवायला शिकले. या घराण्यात बैल सगळ्यांनी हाकले, ट्रॅक्टर पुरुषांनी चालवले. पण स्टिअरिंगवर हात ठेवणारी पहिली बाई मी. निवृत्तीनंतर दर गुरुवारी मी एकटी जळगावहून धुळ्याला जाते आणि माझ्या माहेरच्या गावातल्या मुलींना कविता वाचायला शिकवते. माहेरी स्वतःच्या हाताने गाडी चालवत जाणे ही काय चीज आहे, हे एसटीच्या खिडकीशी डोके आपटत माहेरी गेलेल्या बायकांनाच कळेल.

तर असाच एक गुरुवार. हिवाळ्याची दुपार. दुतर्फा कपाशी फुटलेली, हवेत वाळल्या मातीचा आणि दूर कुठेतरी पेटलेल्या पाल्याचा गोडसर वास. रेल्वेचे फाटक लागले. मी इंजिन बंद केले. काचेतून येणारे ऊन गाईने वासराला चाटावे तसे मायेने गालावर फिरत होते. एक ओळ सुचू पाहत होती. तिला नीट पाहता यावे म्हणून मी क्षणभर डोळे मिटले.

उघडले तेव्हा गाडीच्या प्रत्येक काचेला एकेक चेहरा चिकटलेला होता, आणि पुढच्या चाकाजवळून दोन पाय बाहेर आले होते!

"ताई, दार उघाडा! गाडी बिघडेल शे तुमनी!" मागच्या ट्रकचा ड्रायव्हर काचेवर थापा मारत ओरडत होता.

मी काच खाली केली. "काय झालं हो?"

"फाटक कव्हयनं उघडनं! आन् तुमनं इंजिन बंद शे, तरी घरघर येई राहिनी! तो पहा, खाली घुसेल शे आवाज ऐकाले!" समोरचे फाटक खरेच सताड उघडे होते.

गाडीखालचे गृहस्थ अंग झटकत बाहेर आले. त्यांनी बॉनेटला कान लावला, मग माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा कान लावला.

"थांबनी," ते विचारमग्न होऊन म्हणाले. "ताई उठन्यात, आन् घरघर थांबनी."

जमावाच्या चेहऱ्यांवर उलगडा कसा पसरतो, हे मी त्या दिवशी फार जवळून पाहिले. पूर्वेकडून सुरुवात झाली, आणि हळूहळू सगळे आभाळ उजळले. कुणीही हसले नाही. खान्देशी माणूस परक्या बाईला तोंडावर हसत नाही. तो ट्रकमागे जाऊन हसतो. पेरू विकणाऱ्या एका मावशीने मात्र खिडकीतून एक पेरू आत सरकवला आणि मीठ-तिखटाची पुडी हातात दिली. "खात खात जा, बाई. तोंड चालू राहिलं की डोळा लागत नाही."

मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. प्रभाकर दारात उभे, तळहात पुढे.

"चावी."

"कशाची?"

"जिच्यात तू झोपतेस, तिची."

आतून आबा काठी टेकत आले. नव्वदीला टेकलेले आबा आता आमच्याकडे जळगावात असतात. त्यांना सगळा वृत्तान्त सांगितल्यावर ते कोड्यात पडले.

"घोरनं म्हंजे काय आजार शे का?" त्यांनी विचारले. "तो ते आमना घरना वारसा शे!"

छातीच्या डॉक्टरीणबाई तरुण आणि गंभीर होत्या. झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, मेंदू दचकून जागे करतो, आणि हे रात्रभर चालले की दिवसा माणूस कुठेही झोपतो, असे त्यांनी समजावले. "तपासणी होऊन उपचार सुरू होईपर्यंत गाडी चालवायची नाही, मॅडम. फाटकाशी झोपलात म्हणून वाचलात." मग त्यांनी एक छोटी पेटी दिली. छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला लाल दिव्याचा चिमटा. पेटी श्वास मोजते, नाडी मोजते आणि आवाजही साठवून ठेवते. ही घरीच लावून एक रात्र झोपायचे.

मी मनाशी ठरवले, ही परीक्षा आपण गाजवायची! चावी परत मिळण्याचा हाच मार्ग होता. त्या रात्री मी काव्यवाचनाला जावे तशी तयार झाले. धुतलेले सुती पातळ, विंचरलेले केस, नाकाखाली नळी. उताणी, सरळ, ओठ मिटून पडले. प्रत्येक श्वास मोजून, मापून, वृत्तात घेतला. यतिभंग म्हणून होऊ दिला नाही. पहाटे पाखरे बोलू लागली तेव्हाही माझी शय्या सुरकुतलेली नव्हती.

"मॅडम, तुमचा श्वास एकदाही थांबला नाही," डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या.

मी प्रभाकरांकडे विजयी दृष्टिक्षेप टाकला आणि तळहात पुढे केला. "चावी!"

"कारण तुम्ही झोपलाच नाहीत," बाई पुढे म्हणाल्या. "कोरा पेपर दिलात. पुन्हा लावा. या वेळी झोपा."

जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेल्या बाईला हे ऐकावे लागले!

सूत्रे तेव्हा अक्कांनी हाती घेतली. नशिराबादहून त्या भरताच्या वांग्यांची पिशवी घेऊनच आल्या. पांढरट हिरवी, टपोरी, हाताला तुकतुकीत लागणारी वांगी.

"सुनंदा, तुला रात्री परीक्षेची भीती वाटते ना? मग रात्री झोपूच नको. उद्या शेतात भरीत करू. भरीत खाऊन जागा राहिलेला माणूस मी अजून पाहिला नाही. तिथंच लाव ती पेटी."

"अक्का, डॉक्टरांनी रात्री सांगितलंय."

"डॉक्टर कुठली?"

"पुण्याकडची."

"मग तिला काय माहीत भरीत!"

मी पेटी शेताच्या पिशवीत भरली.

दुसऱ्या दिवशी धरणगावच्या शेतात पऱ्हाट्यांचा जाळ पेटला. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा तो जाळ तडतडत, हसत जळतो. त्यात वांग्यांची साले काळी पडून फुटली आणि धूर, तेल, कच्चा लसूण, हिरवी मिरची असा एक वास उठला, की शेजारच्या बांधावरचा कुत्रासुद्धा डोळे मिटून उभा राहिला. लाकडी उखळीत ठेचलेले गरम भरीत, कांद्याची पात, वरून कच्चे तेल, आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. मी किती खाल्ले ते सांगणार नाही. (अक्का सांगतात. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगतात.)

मग निंबाखाली गोधड्या पसरल्या. प्रभाकरांनी माझ्या छातीला पट्टा बांधला, बोटाला चिमटा लावला, नळी बसवली. पानांतून उन्हाचे कवडसे अंगावर सांडत होते, पोटात उडदाची ऊब होती. "यतिभंग होऊ द्यायचा नाही," एवढे मनात आले आणि...

जाग आली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. नळी नाकातच होती. आबा, अक्का आणि प्रभाकर ओळीने बसून माझ्याकडे पाहत होते. तिघांच्याही चेहऱ्यांवर डब्यातला लाडू खाऊन बाहेर आलेल्या मुलांचा निष्पापपणा होता.

"झाली ना नीट झोप?" अक्कांनी फारच गोड आवाजात विचारले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

निकालाला आबाही आले. फेटा बांधून आले! डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरच्या रेघा पाहिल्या, चष्मा पुसला, पुन्हा पाहिल्या.

"मॅडम, तुमची नाडी अचानक बदलते. श्वासाची पद्धतही बदलते. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. जणू मध्येच तुम्ही दुसरंच कुणीतरी होता."

मी कवयित्री असल्यामुळे हे मला प्रशंसेसारखे वाटले. पण प्रभाकर छताकडे पाहू लागले होते आणि अक्कांनी पदर तोंडावर घेतला होता. खोकलत खोकलत आबाच बोलले. "बाई, त्यानं काय शे... इतली भारी पेटी आनी. एकलीनीच कशी काय वापरानी?"

घरात एखादी वस्तू आली, की ती सगळ्यांच्या हातून फिरल्याशिवाय आमच्याकडे आलीशी धरत नाहीत. पहिला टीव्ही आला तेव्हा अर्धे गाव येऊन रिमोटचे एकेक बटण दाबून गेले होते. पाहुण्याच्या नव्या चपलाही इथे घालून बघितल्या जातात. माझ्या गाढ झोपेचा लाभ घेऊन या तिघांनी पेटी आळीपाळीने लावून एकेक डुलकी काढली होती! मधूनमधून परत मलाही लावली होती, म्हणजे मला वाईट वाटू नये.

"नाकातली नळीसुद्धा? तीच?" डॉक्टरीणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"पदराने पुसली की प्रत्येक वेळी!" अक्का दुखावल्या.

बाईंनी डोके धरले. मग त्यांचा स्वर बदलला. "हे पाहा, चेष्टा बाजूला ठेवा. तीन जणांचं घोरणं साधं दिसतंय. पण यातल्या एकाचा श्वास फार वेळ थांबतोय, रक्तातला प्राणवायू खाली जातोय. ते कोण आहे, हे मला कळलं पाहिजे. आवाजही सगळ्यात मोठा त्याचाच आहे."

झाले! 'सगळ्यात मोठा' हे शब्द ऐकताच आबांनी काठी आपटली. "मना शे तो! मना!"

"आबा, तुमचा कुठला? वय झालं आता," प्रभाकर म्हणाले. "तो माझा असणार."

"तुझा? अरे, तुझा आवाज बाजूच्या खोलीत जात नाही! माझा असेल, बाई. लिहा माझं नाव," अक्का म्हणाल्या.

"पहिला नंबर कुणी लावला होता?" बाईंनी विचारले.

"मी!" तिघेही म्हणाले.

मी मात्र शांत होते. सर्वांत मोठा, रांगडा, भसाडा आवाज म्हटल्यावर माझा प्रश्नच नव्हता. "मला वाटतं आबाच," मी सौम्यपणे म्हणाले. "त्यांचा आवाज मी लग्नाच्या रात्रीपासून ओळखते. त्यांच्यावर उपचार सुरू करा, आणि माझी चावी मला मिळू द्या."

"ऐकूनच ठरवू," म्हणत डॉक्टरीणबाईंनी तो भाग लावला.

काय सांगू! आधी दूर डोंगरात दगड घरंगळावे तसे काहीतरी सुरू झाले. मग ते जवळ आले. मग जणू तापीला पूर आला आणि त्यात कुणीतरी पत्र्याचे गोदाम ओढत नेऊ लागले. पेटीजवळचा पेनस्टँड थरथरला. मी आबांकडे आदराने पाहिले.

तेवढ्यात त्या गर्जनेच्या मागून, अगदी स्पष्ट, आबांचाच आवाज आला: "आरे, ऐका, ऐका! काय जोर शे!"

मी अक्कांकडे पाहिले. तर ध्वनिफितीत अक्का खिदळल्या: "अगं बाई, निंबावरचे पोपट उडाले!"

आता उरले प्रभाकर. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. आणि पेटीतून प्रभाकर म्हणाले, "मी तीस वर्षं सांगतोय, कुणी ऐकलंय का माझं?"

चौघांपैकी तीन जण तर बोलत होते. मग घोरत कोण होते?

हा हिशेब मांडत असतानाच पडद्यावरचा आवाज थांबला. एकदम. पानांची सळसळ ऐकू येऊ लागली, दूरच्या एका गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. बाकी काहीही नाही. त्या तिघांचे हसूही थांबले. मी शांततेवर इतके लिहिले होते, पण स्वतःची शांतता प्रथमच ऐकत होते, आणि ती मला मुळीच आवडली नाही. तिच्यात मी नव्हते.

"हाई थांबनी," पेटीतले आबा म्हणाले. आवाजातला जोर गेला होता. "परभ्या... हाई कव्हयनी थांबनी. हलव तिले. हलव!"

"सुनंदा! अगं सुनंदा!" हा प्रभाकरांचा आवाज. लग्नानंतर मी तो इतका घाबरलेला कधी ऐकला नव्हता.

आणि मग एक प्रचंड फुर्रर्र! दगड, पूर, पत्रे, सगळे एकदम परतले. मागून तिघांनी सोडलेला सुस्कारा ऐकू आला, आणि आबा रडवेल्या आनंदाने ओरडले, "चालू व्हयनी! चालू व्हयनी मनी पोर!"

प्रभाकर खिशात हात घालून गाडीची चावी चाचपत होते. ती त्यांनी का काढून घेतली होती, ते मला तेव्हा कळले. फाटकावरच्या फजितीमुळे नव्हे, हेही कळले. आणि मघाशी तिघेही तो आवाज आपल्याच नावावर का ओढत होते, तेही.

"मॅडम," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "नाव कुणाचं लिहू?"

"माझं," मी म्हणाले. मग, का कोण जाणे, मान आपोआप ताठ झाली. "आणि सगळ्यात मोठा असंही लिहा."

पुढे मी एकटीने, दार आतून लावून, रात्रीच्या वेळी रीतसर परीक्षा दिली. निकाल तोच. आता मी नाकावर मुखवटा चढवून झोपते. त्याच्या नळीतून मंद वारा येतो आणि घसा उघडा राहतो. पहिल्या सकाळी जाग आली तेव्हा पातेल्यातल्या दुधाचा वास मला कित्येक वर्षांनी पूर्ण आला. मुखवटा पाहून आबा म्हणाले, "गणपतीसारखी दिसस," आणि हात जोडले. दुपारची पेंग गेली. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, तेव्हा प्रभाकरांनी चावी माझ्या तळहातावर ठेवली आणि बोटे मिटवून घेतली, ती जरा वेळ सोडली नाहीत. "पोचल्यावर फोन कर," एवढेच म्हणाले.

आता एक शेवटचे. घराण्याच्या अभिमानाला मुरड कशी घालणार? प्रभाकरांनी त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या पडद्याजवळ मोबाइल धरला होता, हे मला फार उशिरा समजले. (थांबण्याचा भाग त्यांनी काढून टाकला आहे. तो त्यांना ऐकवत नाही.) आबा धरणगावला गेले, की पारावर तो आवाज लावतात आणि फेटा सावरत सांगतात, "आमनी सून शे! बठ्ठासले हारवं तिनं!" म्हणजे मी सगळ्यांना हरवले. नशिराबादहून लोक अक्कांसोबत मुद्दाम ऐकायला येतात. अक्का त्यांना चहा देतात. माझी कविता तिसऱ्या ओळीच्या पुढे या घराण्यात कुणी जागेपणी ऐकलेली नाही, पण हे सगळे शेवटपर्यंत ऐकतात, माना डोलावतात आणि म्हणतात, "पुन्हा लावा!"

चार संग्रह निघाले माझे. पण गावोगावी गाजली ती ही एकच रचना. आणि तीही मी झोपेत केलेली!